मागची खोली आपण ठेवायची

११ जानेवारी, रविवार

आज आणखी एक घर पाहिलं. कितवं ते मोजायचं सोडून दिलंय. नवरा म्हणतो, "तुला घर घ्यायचंय, की लोकांची घरं बघत फिरायचंय?" खरं सांगायचं तर दोन्ही. परक्या घरात शिरून कपाटं उघडायची, नळ सोडून बघायचा, "इथे कोण झोपतं?" असं बिनदिक्कत विचारायचं, ही मुभा फक्त गिऱ्हाइकाला असते. हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?

पण निव्वळ हौस म्हणून चाललेलं नाही हे. डॉक्टर पुढच्या वर्षी दवाखाना बंद करणार आहेत. म्हणजे लोकांचे कान तपासायचं माझं काम संपलं, आणि या वयात मला नव्याने कोण ठेवून घेणार? म्हणून एक घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं, भाड्यातून हप्ता फेडायचा आणि वर चार पैसे उरवायचे. एक जमलं की दुसरं. कागदावर फार सोपं दिसतं.

आजचं घर गल्लीच्या टोकाला, बैठं. पुढे दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, आणि मागे एक खोली, तिला अंगणातून वेगळं दार. मालकीण निवृत्त नर्स. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, म्हणून आम्हीही. एकट्याच राहतात. घर इतकं लख्ख, की दाराशी काढलेल्या चपलासुद्धा मी वाकून सरळ लावल्या. एजंट म्हणाला, "हमखास आवडणार." तो प्रत्येक वाक्यात हमखास म्हणतो, त्यामुळे आम्ही त्याचं नावच हमखास ठेवलंय.

१४ जानेवारी, बुधवार

किमतीचं कोडं सुटत नाही. त्या गल्लीतली बाकीची घरं बरीच महाग आहेत, मग हेच स्वस्त का? हमखास म्हणतो, म्हाताऱ्या माणसांना कटकट नको असते. नवरा म्हणतो, छप्पर गळत असणार. मला चैन पडेना, म्हणून दवाखान्यातून परस्पर तिकडे गेले. छप्पर ठणठणीत. शेजारी भांडखोर नाहीत. रस्तारुंदीची भानगड नाही. शेवटी सिस्टरांनाच विचारलं, एवढ्या कमीत का देताय?

त्या म्हणाल्या, "आपल्याला पुरेल एवढं मिळालं की झालं."

किती समाधानी माणूस. मी घरी येऊन नवऱ्याला हे वाक्य दोनदा ऐकवलं.

१८ जानेवारी, रविवार

व्यवहार ठरला. बैठक सिस्टरांकडेच झाली. हमखास त्यांच्या उजव्या हाताला बॅग पसरून बसला, मी डाव्या हाताला खिडकीपाशी, आणि नवरा दाराजवळ, लवकर सुटका व्हावी म्हणून.

सिस्टरांचं बोलणं ऐकत बसावंसं वाटतं. "आपण आधी चहा घ्यायचा." "आपण कागद नीट वाचायचे, घाई करायची नाही." दवाखान्यातली सवय. नर्स कधी "तुम्ही गोळी घ्या" म्हणत नाही, "आपण गोळी घेऊया" म्हणते, आणि गोळी शेवटी पेशंटलाच गिळावी लागते. निघता निघता त्या म्हणाल्या, "मागची खोली आपण ठेवायची." मला पटलंच. पुढचा भाग भाड्याने द्यावा आणि मागची खोली स्वतःकडे ठेवावी, सामानसुमानाला होते. तरी खात्री करून घेतली. म्हटलं, "म्हणजे आमच्याकडेच ना?" त्यांनी हसून मान डोलावली.

सरळ बाई आहे. मी जे जे विचारलं त्याला मान डोलावली. नाहीतर आमच्या दवाखान्यात येणारी माणसं. ऐकू काही येत नसतं, नुसती मान हलवत राहतात, आणि मला एकच प्रश्न तीन-तीनदा विचारावा लागतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

खरेदीखत झालं. माझी सगळी पुंजी आणि वर बँकेचं कर्ज, असं मिळून ते घर आता माझं आहे. किल्ली पर्समध्ये आहे. दिवसभरात पर्स किती वेळा उघडून बघितली, सांगायला लाज वाटते.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी मोठ्या ऐटीत घर उघडलं. एक कपाट सोडलं तर पुढच्या दोन्ही खोल्या रिकाम्या, झाडून पुसून घेतलेल्या. मी भिंतींना हात लावत, मोजमापं घेत मागे गेले, तर चहाचा वास आला. मला वाटलं शेजारून येतोय.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत खाट, पंखा, औषधांची पेटी, कोपऱ्यात स्टोव्ह, आणि स्टोव्हपाशी सिस्टर. "या, या," म्हणाल्या. "वेळेवर आलात. आपण चहा घ्यायचा."

मोजपट्टी गुंडाळून मी पर्समध्ये टाकली. विचारलं, तुम्ही अजून इथे कशा? त्यांना प्रश्नच कळला नाही. "ठरलं होतं ना आपलं? मागची खोली आपण ठेवायची म्हणून."

मी चहा घेतला. दुसरं काय करणार होते?

२३ फेब्रुवारी, सोमवार

हमखासला फोन केला. तो म्हणाला, "खरेदीखतात पूर्ण घर लिहिलंय. बाईंचा काडीचा हक्क नाही. एक नोटीस पाठवली की हमखास निघतील."

रात्री जेवताना आम्ही "आपण" या शब्दाची चिरफाड केली. नवऱ्याचं म्हणणं, चूक भाषेची आहे. "आपण म्हणजे तुम्ही. आपण म्हणजे तुम्ही आणि आम्ही. आणि तुझा भाऊ 'आपण कुणाला घाबरत नाही' म्हणतो, तेव्हा तो एकटाच असतो."

"पण मी विचारलं होतं," मी म्हटलं. "आमच्याकडेच ना, असं स्पष्ट विचारलं होतं. त्यांनी मान डोलावली."

"मग खोटं बोलल्या असतील."

मला नाही तसं वाटत. खोटं बोलणारं माणूस स्टोव्ह पेटवून आपली वाट बघत बसत नाही. मग मान का डोलावली? हे कळल्याशिवाय मी नोटीस पाठवणार नाही. नवरा म्हणतो, ही दया नाही, चौकसपणा आहे. असेल.

१ मार्च, रविवार

पहिले भाडेकरू आले आणि गेले. तरुण जोडपं, कडेवर वर्षाचं मूल. नवऱ्याची नोकरी कायमची, बायको मोजकं बोलणारी. त्यांना घर आवडलं होतं. ती बाई तर पाळणा कुठे लावायचा ते ठरवायला लागली होती. माझ्या मनात हप्ता फिटायलासुद्धा लागला होता.

तेवढ्यात सिस्टर मागून आल्या. मुलाला एकदा निरखून बघितलं, त्याच्या पाठीला हात लावला आणि म्हणाल्या, "याला धाप लागते ना? मग या खोलीत आणू नका. कपाटामागची भिंत ओली आहे."

झालं. त्या दोघांनी कपाटामागे हात घातला, एकमेकांकडे बघितलं, आणि दहा मिनिटांत मंडळी गेली. सिस्टर त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेल्या, बराच वेळ काहीतरी बोलत उभ्या होत्या. मी रागाने आतच थांबले. दुसऱ्याच्या पोटावर पाय देणं म्हणतात ते हेच. भाडेकरू आले तर आपली खोली जाईल, म्हणून ही सगळी हुशारी.

ते गेल्यावर मीही कपाटामागे हात घातला. भिंत खरंच गार आणि चिकट होती. घर घेताना सगळी कपाटं उघडली मी, एक तेवढं हलवलं नाही.

५ मार्च, गुरुवार

गवंड्याला आणलं. बाहेरचा पाइप तडकलाय, पाणी भिंतीत मुरतंय. आठवड्याचं काम आहे म्हणाला. तो बाहेर ठोकाठोक करत होता आणि मी सिस्टरांशी एकदा रोखठोक बोलायला गेले. त्या खाटेवर बसल्या होत्या. मी त्यांच्या डाव्या हाताला खिडकीपाशी बसले, नेहमीसारखी. म्हटलं, "माझा विचार होता की तुम्ही दुसरीकडे जागा बघावी." त्यांनी हसून मान डोलावली.

मला वाटलं, चला, सुटलो. मग म्हटलं, "कधीपर्यंत जाल?" परत तेच हसू, तीच मान.

आणि मी चमकले. हे हसू मी रोज बघते. रोज. काचेच्या खोलीत बसलेला पेशंट, कानात आवाज सोडलेला, त्याला काही ऐकू आलेलं नसतं आणि तो माझ्याकडे बघून असाच हसतो. मी उठून त्यांच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि हळू आवाजात विचारलं, "सिस्टर, डाव्या कानाने ऐकू येतं का?"

"त्या कानाचं काय घेऊन बसलीस," म्हणाल्या. "तो कधीचाच गेला."

म्हणजे त्या दिवशी बैठकीत माझा एकही प्रश्न त्यांना ऐकू आला नव्हता. त्यांनी त्यांचं सांगितलं, मी माझं ऐकलं. आणि भाव? तोही विचारला, उजवीकडूनच. "एक खोली वजा करून सांगितला ना आपण. एजंटला म्हटलं होतं, नव्या मालकांना नीट समजावून सांग. तो म्हणाला, हमखास." एक भाची आहे, ती बोलावते. पण तिच्याकडे बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपावं लागतं, आणि लोकांचं टीव्ही बघून होईपर्यंत ताटकळत बसावं लागतं. चार दिवस पाहुणी म्हणून ठीक, म्हणाल्या.

दुसरी जागा बघा, हे काही मला त्या बाजूने परत म्हणवलं नाही. त्याऐवजी म्हटलं, दवाखान्यात या, कान तपासू.

आत्ता लिहिताना लक्षात येतंय, आज त्यांनी मला "तू" म्हटलं.

९ मार्च, सोमवार

सिस्टर दवाखान्यात आल्या. काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तर या बाई आवाज नसतानाही दाबायला लागल्या, मला बरं वाटावं म्हणून. शेवटी मी दार उघडून म्हटलं, "आपण खोटं बटण दाबायचं नाही." त्या खळखळून हसल्या.

डावा कान पूर्ण गेलाय. उजवाही बराच उतरलाय, जवळचं कळतं, लांबचं नाही. उजव्याला मशीन बसेल. दवाखान्यातलं एक वापरून बघायला देणार आहे. डॉक्टर म्हणाले, घरी जाऊन मशीन बसवून देण्याइतकी ही कोण लागते तुमची? म्हटलं, माझ्या घरात राहते.

१३ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस फार छान गेला. दोन चांगल्या गोष्टी घडल्या.

संध्याकाळी सिस्टरांच्या कानात मशीन बसवलं. पहिल्यांदा त्या दचकल्या. मग मान तिरकी करून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा स्वयंपाकघरातला नळ कधीपासून गळतोय?" स्वतःच्या बांगड्या वाजवून बघितल्या. पिशवीचा कागद चुरगळून बघितला. मला म्हणाल्या, "तुझा आवाज आपल्याला वाटला होता त्यापेक्षा पातळ आहे." तेवढ्यात त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि हमखासचा फोन आला.

मी पुढच्या खोलीत जाऊन बोलले. एका कंपनीला माणसं ठेवायला पूर्ण घर हवंय. वर्षाचा करार, भाडं मी धरलं होतं त्याहून जास्त. अट एकच, मागची खोलीही हवी. मी एकदा मागच्या दाराकडे बघितलं. पण पहिला हप्ता पगारातून गेलाय, दुसऱ्याची तारीख जवळ येतेय, आणि डॉक्टरांनी दवाखान्यातली जुनी खुर्ची विकायलासुद्धा काढलीय. म्हटलं, "चालेल. महिनाअखेर खोली रिकामी करून देते. बाईंना अजून बोलले नाहीये. कागदावर त्यांचं काहीच नाही, जातील भाचीकडे." जास्तीच्या भाड्यातून त्यांना दर महिन्याला थोडं काही देईन. म्हणजे अन्याय असा नाही होणार.

परत मागे आले तर सिस्टरांनी एकच कप भरला होता, माझा. पोट बरोबर नाही म्हणाल्या. "तुम्ही घ्या." कान दुखतोय का विचारलं, तर नाही म्हणाल्या. नवीन मशीनने पहिल्या दिवशी थकायला होतं, मी सगळ्यांनाच सांगते.

त्यांच्याशी बोलायचा विषय कसा काढावा, तेवढं कळत नाही.

१६ मार्च, सोमवार

भिंतीचं काम झालं. सिस्टरांनी गवंड्याकडून रिकामी खोकी मागून घेतली म्हणे. घर आवरायला काढलंय वाटतं. मशीनमुळे माणसाला नवा हुरूप येतो, हे मी खूपदा बघितलंय. बोलल्या मात्र फार नाहीत आणि सारखं तुम्ही, तुम्ही. मला उगीच परकं वाटलं.

विषय आजही काढला नाही.

२० मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहून काढायचंय.

मी मनाची तयारी करून गेले होते. काय बोलायचं, ते रस्त्याने घोकत गेले. मागच्या खोलीत पाऊल टाकलं तर खाट उभी करून भिंतीला टेकवलेली, खोकी सुतळीने बांधून ओळीत लावलेली, सिस्टर एका खोक्यावर बसलेल्या. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "मी निघते. भाचीचा मुलगा गाडी घेऊन येतोय."

मी. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. दुखलं तरी "आपल्याला जरा दुखतंय" म्हणणारी बाई.

मशीन त्यांनी डबीत घालून ठेवलं होतं. डबी माझ्या हातात दिली. "चांगलं आहे हो हे. पुढच्या खोलीतलंसुद्धा इथे ऐकू येतं."

माझे कान तापले. मग सगळं एकापाठोपाठ एक समजत गेलं. तो एक कप, ते पोट, ती खोकी, ते तुम्ही. त्यांच्या कानात मशीन मीच बसवलं होतं, आवाज मीच वाढवून दिला होता, आणि पुढे जाऊन त्या बहिऱ्याच आहेत अशा बेताने बोलले होते. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नसेल.

मी जाऊन खिडकीपाशी बसले, माझ्या नेहमीच्या जागी. जमिनीकडे बघत म्हटलं, "सिस्टर, जाऊ नका. खोली तुमचीच आहे. ठरल्याप्रमाणे."

वर बघितलं. त्या हसून मान डोलावत होत्या.

त्या हसण्याचा अर्थ मला आता पाठ आहे. आणि खोटं कशाला लिहू, क्षणभर मनात आलं की राहू दे असंच. मी बोलायचं ते बोलले. त्यांनी मान हलवली. गाडी येईल, त्या जातील, कंपनी येईल, हप्ता फिटेल, आणि मी विचारलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. एकदा असंच झालं होतं आणि माझं त्यात भलंच झालं होतं.

मग उठले. त्यांच्या उजव्या बाजूला गेले, त्यांना परत खोक्यावर बसवलं, डबी उघडली, मशीन त्यांच्या कानात बसवलं, आणि तेच पुन्हा म्हटलं. या वेळी त्यांनी मान डोलावली नाही. मशीन बोटाने नीट दाबून घेतलं. म्हणाल्या, "भाडं किती?"

"ते तुम्ही आधीच दिलंय. भावात वळतं केलंय."

"कंपनीला काय सांगशील?"

"पुढचं घर रिकामं आहे, असं."

त्यांनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि खोक्यांकडे हात केला. "मग बघत काय बसलीस? आपण आता या सुतळ्या सोडायच्या." आपण म्हणजे अर्थात मी. गाठी नर्सने मारलेल्या. माझी नखं तुटली.

२१ मार्च, शनिवार

कंपनीने नकार दिला. हमखास म्हणाला, अशी संधी परत येत नाही, हमखास पस्तावाल. नवऱ्याला भीत भीत सांगितलं. तो म्हणाला, "दुसरा हप्ता माझ्याकडून. तिसऱ्याचं बघ बाई." तिसऱ्याची मला खरंच भीती वाटतेय.

२९ मार्च, रविवार

सकाळी फाटक वाजलं. बघते तर पहिल्या दिवशीचं जोडपं, कडेवर तेच मूल. मी त्यांचा नंबरसुद्धा घेतला नव्हता. सिस्टरांनी घेतला होता, त्याच दिवशी, फाटकापाशी. भिंत वाळली की कळवते म्हणाल्या होत्या.

त्या बाईने कपाट सरकवून भिंतीवर तळहात ठेवला, मग गाल लावून बघितला. मीही लावून बघितला. कोरडी आहे. सिस्टरांनी मूल काखोटीला मारलं आणि त्याला अंगण दाखवायला घेऊन गेल्या. मूल त्यांच्या कानातलं मशीन ओढत होतं.

भाड्याचं बोलणं निघालं तेव्हा त्या बाईचा नवरा जरा बुचकळ्यात पडला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सिस्टरांकडे. घर दाखवत होते मी, पाण्याच्या वेळा आणि कचऱ्याचे नियम सांगत होत्या त्या.

"म्हणजे मालक नक्की कोण?" त्याने विचारलं.

"आपणच," सिस्टर म्हणाल्या.

तो बिचारा गोंधळून स्वतःच्या बायकोकडे बघायला लागला.